चेंगदूत सेल्फ-सर्व्ह हॉटपॉटला जाताय? आधी रस्सा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तिघं कामासाठी चेंगदूला चालला आहात आणि यजमान कंपनीची माणसं एका संध्याकाळी सेल्फ-सर्व्ह हॉटपॉटला नेणार आहेत, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रस्स्यात आपलं आपण शिजवून खायच्या जेवणाला. तुम्ही चिकन, मटण, मासे खाता, पण बीफ नाही. एक सहकारी जैन आहेत. तिसऱ्यांना एवढंच विचारायचंय की तिथलं तिखट आपल्याला झेपेल का. मी चेंगदूत दुभाष्याचं काम करते आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना जेवायला नेणं हा त्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला नेहमीचेच.

काउंटरवर काय काय मांडलंय ते नंतर बघा. आधी टेबलावरच्या भांड्यात कोणता रस्सा उकळणार ते ठरवा, कारण तो एकदा आला की बदलता येत नाही. सिचुआन (चेंगदू याच प्रांतात आहे) आणि शेजारच्या चोंगछिंग शहराचा तो प्रसिद्ध लालभडक रस्सा बहुतेक ठिकाणी गाईबैलांच्या चरबीत बनतो. त्या चरबीला ‘न्यू योऊ’ म्हणतात. ती मेणाच्या विटेसारखी घट्ट असते, टेबलावर आणून भांड्यात सोडली की वितळते आणि वर लाल तेलाचा जाड थर धरते. त्यात पीश्यानचं दोबान (फावा बीन्स आणि मिरची आंबवून केलेली पेस्ट, जी चेंगदूच्याच पीदू भागात बनते), सुक्या मिरच्या, आलं, लसूण, चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची आणि खडीसाखर असते. म्हणजे तुम्ही बीफचा एकही तुकडा उचलला नाहीत, नुसता बटाटा बुडवून खाल्लात, तरी बीफची चरबी पोटात जाणारच. आपल्याकडच्या पाहुण्यांना हे कोणी आधी सांगत नाही आणि जेवण अर्धं झाल्यावर कळलं की सगळ्यांचीच तोंडं कडू होतात.

याला पर्याय आहे. ‘छिंग योऊ’ म्हणजे वनस्पती तेलात केलेला लाल रस्सा. चेंगदूत तो बऱ्याच दुकानांत मिळतो आणि काही स्थानिक लोक मुद्दाम तोच घेतात, कारण तो हलका लागतो. यजमानांना आदल्या दिवशीच फोनवर भाषांतर करून चिनी अक्षरांत दाखवा: ‘आम्ही बीफ खात नाही, बीफची चरबीही चालत नाही, वनस्पती तेलाचा रस्सा हवा.’ तोंडी बोलण्याच्या भानगडीत पडू नका. चिनी भाषेत सूर चुकला की अर्थ बदलतो, आणि हॉटेलात गोंगाट असतो.

दुसरा मुद्दा दोन कप्प्यांच्या भांड्याचा. मध्ये पत्रा, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला पांढरा, मशरूमचा किंवा टोमॅटोचा. याला ‘युआनयांग’ भांडं म्हणतात आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे. पण कडक पथ्य पाळणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. लाल बाजू खळखळायला लागली की तिचं तेल पत्र्यावरून पलीकडे उडतं, आणि चार पेगांनंतर कोणता झारा कुठल्या बाजूचा होता हे कोणालाच आठवत नाही. शिवाय मशरूम आणि टोमॅटोचा रस्सासुद्धा बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांच्या पाण्यावर केलेला असतो. दिसायला शाकाहारी, प्रत्यक्षात नाही.

म्हणून तुमच्या तिघांसाठी मी दुकानाचा प्रकारच वेगळा सुचवेन. सेल्फ-सर्व्ह या एका नावाखाली इथे बऱ्याच तऱ्हा आहेत. एक आपल्या बुफेसारखी: माणशी ठराविक पैसे, मोठ्या ताटल्या, मधोमध सामायिक भांडं, बसायला दीड-दोन तासांची मर्यादा. दुसरी छ्वानछ्वान: सगळे पदार्थ बांबूच्या काड्यांना टोचून फ्रिजमध्ये लावलेले, तुम्ही ट्रे भरून आणायचा, आणि शेवटी वेटर रिकाम्या काड्या मोजून बिल करतो. चेंगदूचा खरा जीव या छ्वानछ्वानमध्ये आहे. तिसरी मालाटांग: भांड्यात हवं ते भरायचं, काट्यावर वजन करायचं, आणि आतले लोक शिजवून वाडगा हातात देतात; तिथे तुम्हाला शिजवायचं काहीच नसतं. आणि चौथी, सरकत्या पट्ट्याची: लांब काउंटर, प्रत्येकासमोर स्वतःचं छोटं भांडं आणि स्वतःची शेगडी, समोरून पट्ट्यावर पदार्थांच्या ताटल्या फिरत जातात. स्वतंत्र छोट्या भांड्याची ही पद्धत बीजिंगमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या श्याबूश्याबू या साखळीने गाजवली, आता ती सगळीकडे आहे. तुमच्यासारख्या मिश्र मंडळींसाठी हीच सगळ्यात सोयीची. तुमच्या भांड्यात तुमचा रस्सा, जैन सहकाऱ्यांच्या भांड्यात त्यांचा, कोणाचा झारा कोणाच्या भांड्यात जात नाही. यजमानांना थोडं हिरमुसल्यासारखं होईल, कारण एका भांड्यातून खाणं हा त्यांच्या दृष्टीने आपलेपणा आहे. पण कारण सांगितलं की ते समजून घेतात. इथे मुस्लिम सहकाऱ्यांसाठी अशी सोय नेहमीच केली जाते.

आता सॉसचं काउंटर. वीसेक वाडगे ओळीने मांडलेले असतात आणि नवखा माणूस प्रत्येकातला चमचा-चमचा घालून चिखल करतो. सिचुआनमध्ये मूळ कृती अगदी साधी आहे: तिळाचं तेल, त्यात भरपूर ठेचलेला लसूण, कोथिंबीर, चिमूटभर मीठ, वाटलं तर थोडं काळं व्हिनेगर. बस्स. बऱ्याच दुकानांत प्रत्येकाला तिळाच्या तेलाचा छोटा डबाच मिळतो. तेलावर आणखी तेल कशाला, असं तुम्ही विचाराल. रस्स्यातून काढलेला तुकडा जीभ भाजेल इतका गरम असतो आणि त्याला तिखट तेल चिकटलेलं असतं. तिळाच्या तेलात बुडवला की तो पटकन निवतो आणि मिरचीचा काही भाग मागे राहतो. तिखटाची भीती असलेल्या तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्यांना हे नक्की सांगा. बीजिंगकडे तांब्याच्या धुराड्याच्या भांड्यात साध्या पाण्यात मटणाचे पातळ काप उकळतात, तिथे तिळाची घट्ट पेस्ट, आंबवलेलं टोफू आणि लीकच्या फुलांची चटणी लागते. ती पेस्ट बुफेत इथेही ठेवलेली असते. लाल रस्स्याबरोबर ती घेतलीत तर चेंगदूचा माणूस काही बोलणार नाही, पण बघेल. शाकाहाऱ्यांनी दोन वाडगे टाळायचे: काळपट दाट ऑयस्टर सॉस, आणि शाचा नावाची तपकिरी पेस्ट, ज्यात सुकी कोळंबी आणि सुके मासे असतात.

शिजवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथे आचारी तुम्हीच आहात आणि जेवण बिघडलं तर ते इथेच बिघडतं. आपली माणसं ताट भरून आणतात आणि सगळं एकदम भांड्यात ओततात. रस्स्याची उकळी बसते, पाच मिनिटं कोमट पाण्यात सगळं पोहत राहतं, मटण चिवट होतं, पालेभाजीचा गाळ होतो आणि बटाटा कच्चाच. एका वेळी थोडं टाका, ते काढून खा, मग पुढचं.

सुरुवातीला रस्सा पूर्ण खळखळू द्या. पांढरी किंवा टोमॅटोची बाजू असेल तर काही टाकायच्या आधी एक वाटी नुसता रस्सा प्या. टोमॅटोच्या रस्स्यात चिरलेली कोथिंबीर घालून तो फार छान लागतो. तासाभराने तोच रस्सा मिठाने, चरबीने आणि मांसातून उतरलेल्या प्युरिनने भरलेला असतो, तेव्हा पिऊ नका. गाऊटचा त्रास असलेल्याने तर अजिबातच नाही, आणि त्यावर बिअरही नको.

मग मांस. मटणाचे कागदासारखे पातळ काप चॉपस्टिकमध्ये धरून बुडवायचे, रंग बदलला की पंधरा-वीस सेकंदांत काढायचे. सोडून दिलेत तर ते रस्स्यात हरवतात आणि सापडतात तेव्हा रबर झालेले असतात. तिथली मंडळी हौसेने बदकाची आतडी आणि बैलाच्या पोटाचा काळा खरबरीत पडदा मागवतील. पडद्यासाठी त्यांचा ठरलेला नियम आहे, ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’, म्हणजे तुकडा न सोडता उकळीत खालीवर करायचा. पंधराएक सेकंद होतात आणि तो कुरकुरीत राहतो. पडदा तुम्ही खाणार नाही, पण बदकाची आतडी जमत असेल तर एकदा चाखून बघा. ती आक्रसून वेटोळी झाली की लगेच काढा. डुकराचं मांस आणि कोंबडी यांना मात्र घाई चालत नाही, आतपर्यंत शिजलंच पाहिजे. कोळंबीची वाटलेली पेस्ट चमच्याने गोळे करून सोडतात. गोळे तरंगायला लागल्यावर आणखी एखादं मिनिट द्या. कच्चं उचलायची चॉपस्टिक वेगळी आणि खायची वेगळी. टेबलावर दोन रंगांच्या जोड्या दिसल्या तर त्या याचसाठी असतात. हे आपल्या पोटासाठी पाळायचं, शिष्टाचार वगैरे नंतर.

जे शिजायला वेळ लागतो ते मांसाच्या मधल्या वेळात एका कडेला सोडून द्या: कमळकाकडी, बटाट्याचे काप, अळकुडी, गोठवलेलं टोफू, गोठवलेले मासळीचे गोळे. बटाटा चार-पाच मिनिटांत कुरकुरीत खाता येतो, दहा मिनिटांत मऊ होतो. ज्याची त्याची आवड. गोठवलेलं टोफू तर घ्याच. गोठल्यामुळे त्याला जाळी पडलेली असते, ती रस्सा पिऊन टम्म होते. (आणि तोंडात फुटते. आधी चावून थोडा रस्सा वाटीत सांडू द्या, नाहीतर टाळू भाजतो.) एनोकी मशरूम, म्हणजे त्या पांढऱ्या दोऱ्यांच्या जुड्या, नुसत्या बुडवून खाऊ नका, दोन-तीन मिनिटं उकळा. अमेरिकेत २०२० साली याच मशरूममधून लिस्टेरिया या जंतूची लागण पसरली होती. फरसबी दिसली तर ती पूर्ण दहा मिनिटं, कारण कच्ची फरसबी पोट बिघडवते. पुढे कधी शेजारच्या युन्नान प्रांतात गेलात तर तिथल्या रानमशरूमच्या हॉटपॉटमध्ये वेटर टेबलावर घड्याळ लावतो आणि वेळ संपेपर्यंत चॉपस्टिकसुद्धा देत नाही. तिथल्या काही जातींची मशरूम अर्धकच्ची खाल्ली की माणसाला भास होतात, त्यामुळे वेटरशी वाद घालू नका.

पालेभाज्या शेवटाकडे, आणि शक्यतो लाल रस्स्यात नको. पान हे तेल शोषून घ्यायला बसलेलं असतं. लाल बाजूतून काढलेला पालकाचा एक घास मांसाच्या पाच घासांपेक्षा तिखट लागतो. रताळ्याच्या रुंद शेवया आणि नूडल्स अगदी शेवटी. त्यांच्या पिठाने रस्सा दाट होतो, तळाला लागतो आणि मग बाकी सगळ्याला करपट वास येतो. रस्सा आटला की वेटर किटलीतून पाणी किंवा साधा स्टॉक घालतो, हाक मारायला संकोचू नका. आटत गेला की तो खारट आणि जास्त तिखट होत जातो, म्हणून सुरुवातीला सौम्य वाटलेला रस्सा तासाभराने घाम काढतो.

आता तिखटाविषयी. मुंबई-पुण्याच्या शेजवान चटणीवरून अंदाज बांधू नका, तिचा सिचुआनशी संबंध नावापुरताच. तिच्यात लसूण आणि लाल मिरची असते, पण इथल्या रस्स्याचा निम्मा खेळ ‘हुआज्याओ’चा आहे. हुआज्याओ हे आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच वनस्पतीकुळातलं आणि एकाच प्रजातीगटातलं. मालवणी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालताना आपण काळी बी काढून टरफल ठेवतो, इथेही तसंच करतात. ज्यांच्या घरी तिरफळ शिजतं त्यांना ती लिंबासारखी झाक आणि जिभेवरची झिणझिण लगेच ओळखू येते. देशावरच्यांना वाटतं की जीभ मेली. घाबरू नका, पंधरा-वीस मिनिटांत ती परत येते. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली ओठांवरची ती थरथर मोजली होती, सेकंदाला सुमारे ५० कंपनांची भरली. मिरचीच्या निव्वळ जहालपणात आपली लवंगी मिरची इथल्या रोजच्या मिरचीला सहज भारी पडेल. पाहुण्यांना त्रास होतो तो तेलाचा आणि हुआज्याओचा, कारण त्याची पोटाला सवय नसते. कोल्हापूरचा माणूस छातीठोकपणे ‘सगळ्यात तिखट द्या’ म्हणतो, तेव्हा मी वेटरला हळूच ‘वेइ ला’, म्हणजे कमी तिखट, सांगते. तुम्हीही तेच सांगा. चोंगछिंगला गेलात तर तिथलं ‘कमी’ हे इथल्या ‘मध्यम’च्या बरोबरीचं असतं. रस्स्यात तरंगणारे हुआज्याओचे दाणे आणि मिरच्या खायच्या नसतात. भाजीच्या पानात लपलेला दाणा दाताखाली आला तर थुंकून टाका, कोणी वाईट मानत नाही. पाणी पिऊन आग शमत नाही. थंड सोयाबीनचं दूध किंवा सुक्या आलुबुखारांचं आंबटगोड सरबत मागवा, आणि गुळाचा पाक घातलेली बिंगफेन नावाची थंडगार जेलीही.

जैन सहकाऱ्यांचं काय? स्पष्ट सांगायचं तर साध्या सेल्फ-सर्व्ह दुकानात त्यांचं पथ्य पूर्ण पाळलं जाईल याची खात्री मी देणार नाही. स्वतंत्र भांड्यात नुसतं उकळतं पाणी मागता येतं, ते कोणीही देतं. त्यात मीठ, तिळाचं तेल आणि व्हिनेगर घालून टोफू, दुधी, कोबी, पालेभाज्या, सोयाबीनच्या पात्या, मक्याची कणसं एवढं होतं. पण काउंटरवर दोन फसवे पदार्थ आहेत, ते त्यांना आधीच सांगून ठेवा. पिवळसर चौकोनी ‘फिश टोफू’ हा टोफू दिसतो, असतो मासळीचा. आणि तपकिरी-लाल, चकचकीत, टोफूसारखे थरथरणारे ठोकळे म्हणजे बदकाचं गोठवलेलं रक्त. खेकड्याच्या काड्या, रंगीत गोळे, चीज भरलेल्या गोळ्या, सगळ्यांत मासे किंवा मांस धरूनच चला. त्यापेक्षा एक वेळ बौद्ध शाकाहारी हॉटेलात जाणं बरं. चेंगदूच्या मध्यभागी वेनशू विहार आहे, त्याच्या आवारात शाकाहारी भोजनगृह आहे. चिनी बौद्ध परंपरेत मांसाबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य, त्यामुळे निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरतात जमिनीखालचे कंद. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, बटाटा आणि कमळकाकडी सर्रास असतात, तेवढं विचारून घ्यावं लागतं.

बुफेच्या दुकानात गेलात तर पैसे वसूल करायच्या नादाला लागू नका. दारापाशी तळलेला भात, डंपलिंग, कलिंगड आणि थंड पेयं मांडलेली असतात ती पोट लवकर भरावं म्हणूनच. मांसाच्या गुंडाळ्या नीट बघून घ्या: चरबीच्या रेषा मांसात नैसर्गिक वेड्यावाकड्या गेल्या असतील तर ठीक, लाल आणि पांढरा भाग सरळ रेषेत चिकटवल्यासारखा दिसत असेल तर तो जोडलेल्या तुकड्यांचा ठोकळा कापलेला असतो आणि उकळीत त्याचा भुगा होतो. तसल्या दुकानात मी भाज्या, टोफू आणि अख्खी कोळंबी खाऊन उठते. ताटात उरवू मात्र नका. चीनने २९ एप्रिल २०२१ रोजी अन्नाच्या नासाडीविरोधात कायदा केला आणि त्यानुसार, आधी ठळकपणे लिहून लावलं असेल तर, फार अन्न टाकणाऱ्याकडून दुकान पैसे घेऊ शकतं. त्याआधीपासूनच काही बुफेवाले सुरुवातीला अनामत घेतात आणि ताटं रिकामी दिसली की परत करतात.

रीतभात फारशी अवघड नाही. यजमान स्वतःच्या हाताने तुमच्या वाटीत घास घालतील, तो प्रेमाचा भाग आहे. नको असेल तर वाटीवर हात धरून हसून नाही म्हणा. बीफ असेल तर तेव्हाच सांगा, नंतर बाजूला ढकलून ठेवणं वाईट दिसतं. भांड्यात चॉपस्टिकने ढवळून शोधाशोध करू नका, त्यासाठी जाळीचा झारा असतो. बिल ते देणारच, एकदा खिशाकडे हात नेला की पुरे.

जॅकेट आणि बॅगेवर घालायला दुकान कव्हर देतं, ते नक्की घ्या, शिवाय ॲप्रन आणि केस बांधायला रबरही मिळतं. तरीही वास कपड्यांत दोन दिवस राहतो, तेव्हा मीटिंगचा सूट घालून जाऊ नका. अलीपे (फोनवरून पैसे देण्याचं चिनी ॲप) आधीच चालू करून त्याला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा, कारण छ्वानछ्वानच्या छोट्या दुकानात कार्ड चालत नाही आणि पुढेमागे तुम्ही तिघंच परत जाल. आणि यजमान तारीख विचारतील तेव्हा शुक्रवार सांगा. लाल रस्स्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कारखान्यात उभं राहण्याच्या स्थितीत नवखा माणूस सहसा नसतो.